जिन्याकडे पाठ

१

त्या हुकमातलं एक वाक्य कुठूनच आलेलं नव्हतं.

हे लक्षात आलं तेव्हा मी आधी स्वतःवरच शंका घेतली. मोतीबिंदू काढल्यापासून माझ्या नजरेतून ओळी सुटतात. म्हणून सगळे कागद चटईवर पसरले, अर्ज, त्याचं उत्तर, दोन्हीकडच्या साक्षी, समुपदेशक बाईंचा अहवाल, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. ते वाक्य कशातच नव्हतं.

माझा जन्म एका संस्कृत छापखान्यात जुन्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्यात गेला. एखादी ओळ एकाच पोथीत असेल आणि बाकीच्यांत नसेल, तर ती तिथे कुठून आली हे शोधायचं. एवढंच मला येतं. माणसांशी बोलायला येत नाही. बनारसला दूधविनायकाच्या गल्लीत इतकी वर्षं राहूनही भाजीवाल्याकडे जाताना मी मनात आधी वाक्य जुळवतो.

कागद वैदेहीने आणून दिले होते. छापखान्यातला माझा सोबती वेणीमाधव, त्याची ही मुलगी. तो गेल्यापासून ती सणासुदीला माझ्यासाठी वाटीभर काहीतरी आणते आणि मी वाटी धुऊन रिकामीच परत करतो. ती शाळेत शिकवते. नवऱ्यापासून, शार्दूलपासून, वेगळी झाल्यावर छोट्या इशानीला घेऊन ती वडिलांच्या घरी परत आली होती. मुलीचा ताबा कोणाकडे असावा याचा दावा कचहरीत चालू होता. दिवाळीनंतर तात्पुरता हुकूम झाला आणि मुलगी बापाकडे गेली. कायमचा हुकूम येत्या सोमवारी होणार होता.

“काका, माझ्या घरातलंच कोणीतरी फुटलंय,” वैदेही दारात उभी राहूनच म्हणाली. “जजसाहेबांचे कान भरलेत. तुम्ही बस एवढं सांगा, कोणी.”

“मी? मला कचहरीतलं काय कळतं?”

“तुम्हाला वाचता येतं. वकीलबाईंना माझ्याएवढाच राग आलाय, त्या नीट वाचतच नाहीत.” तिने हुकमावर बोट टेकवलं. “हे बघा.”

मूळ हिंदीत होतं. मराठीत साधारण असं: ‘माता सकाळीच रेशमी साडी नेसून, केस मोकळे सोडून तयार होती. मुलगी गुडघा फुटून रडत आली असता मातेने तिला जवळ घेतले नाही. दूर हो, मला हात लावू नकोस, असे म्हणून ती पुन्हा चुलीकडे वळली. मुलगी दाराशी बसून रडत राहिली व शेवटी एकटीच उठून निघून गेली. जिला मुलीपेक्षा चुलीवरचे भांडे प्रिय, अशा मातेपाशी मुलीचे हित सुरक्षित नाही.’

“असं काही घडलं होतं?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

“कधीच नाही. काका, माझ्याकडे रेशमी साडी एकच, लग्नातला शालू, तो सासरी राहिलाय. आणि चूल? माझ्याकडे गॅस आहे. मनगढंत आहे सगळं! घरात मी, इशू आणि प्रभामावशी. इशू असं बोलणार नाही. मग राहिलं कोण?”

ती गेल्यावर मी ते पुन्हा वाचलं. खोटं सांगणारा माणूस दोष रचतो. ‘हात लावू नकोस’ हे रचता येतं. पण फुटलेला गुडघा, मोकळे केस, चुलीकडे वळणं? इतकं बारीक कोणी रचत बसत नाही.

हे कोणीतरी पाहिलेलं होतं.

२

प्रभावतीबाई म्हणजे वैदेहीची विधवा मावशी. मी गेलो तेव्हा त्या पलंगावर ट्रंक उघडी टाकून लुगडी भरत होत्या.

“या यज्ञेश्वरराव. मला विचारायलाच आलात ना? विचारा. ती तर विचारतसुद्धा नाही. हुकूम झाल्यापासून माझ्याशी शब्द नाही. माझा चहा ओट्यावर ठेवून देते, मी उचलून न्यायचा.”

मी काय विचारणार होतो ते विसरलो. खुंटीला इशानीचं दप्तर टांगलेलं होतं आणि त्याच्या पट्ट्यात केसांची एक रबरी फीत अडकवलेली होती. मुलगी गेली तेव्हा कोणीतरी ती घाईत तिथे अडकवली असावी. कोणी काढली नव्हती.

“मी शार्दूलशी फोनवर बोलते,” त्या म्हणाल्या. “लपवत नाही. दोघांनी पुन्हा एकत्र नांदावं असं वाटतं मला. वाटू नये? पण त्यासाठी मी पोरीला आईपासून तोडीन? सागर गावी पुतण्याकडे निघालेय. तिथे मला कोणी ओळखत नाही, तेच बरं.”

“इशानीचा गुडघा… म्हणजे, फुटला होता का कधी?”

“रोज फुटतो. गल्लीत धावते ना. पितृपक्षात मात्र बरंच लागलं होतं. मीच हळद भरली.”

“कुठे?”

“गुडघ्याला, अजून कुठे?”

मला जागा विचारायची होती. पण बाई डोळे पुसत होत्या, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा धीर मला झाला नाही. धीर झाला असता तर एक अख्खा दिवस वाचला असता.

जिना उतरताना वर वैदेही आल्याचा आवाज आला. दोघी एकाच खोलीत होत्या. भांडं ठेवल्याचा आवाज आला, बोलण्याचा नाही.

३

दुसऱ्या दिवशी मैदागिनहून टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, बसून कचहरी गाठली. वकिलांच्या काळ्या कोटांच्या गर्दीत मी खांबाला टेकून उभा राहिलो. सुरुची मिश्रा ही समुपदेशक बाई मला ओळखत नव्हती. मीच तिच्यासमोर दोनदा जाऊन परत फिरलो, तेव्हा तीच म्हणाली, “बाबा, कुछ पूछना है?”

मी विचारलं. ती चिडली नाही, उलट चहा मागवला.

“मेरी रिपोर्ट में तो उलटा लिखा है. बच्ची माँ का पल्लू नहीं छोड़ती. रसोई तक मैं गई ही नहीं, बैठक में ही बात हुई.”

“मग साहेबांनी अहवाल वाचला नाही?”

“पढ़ा. फिर बोले, काग़ज़ पर सब माँएँ अच्छी होती हैं.” तिने आवाज खाली आणला. “आदमी बुरे नहीं हैं, बाबा. किसी से एक पान तक नहीं लेते. अकेले आते हैं, अकेले खाते हैं. दशहरे के बाद ही इस कोर्ट में आए. तब सिर पर बाल नहीं थे, हम लोग समझे फ़ौज से आए हैं.” ती स्वतःशीच हसली. मला हसायचं सुचलं नाही.

बाहेर पडलो तर पायऱ्यांवर शार्दूल. तो बँकेत आहे, तारखेची चौकशी करायला आला होता. मला पाहून त्याने वाकून नमस्कार केला, आणि तिथेच माझा संशय अर्धा ढासळला.

“काका, तुम्ही तिच्या बाजूने आलात ना? या. मला राग नाही.”

“तो परिच्छेद…”

“तोच.” त्याने इकडेतिकडे पाहिलं. “वाचून मलाच कसंतरी झालं. वैदेही माझ्याशी भांडेल, ताट आपटेल. पण इशूला दूर लोटणार नाही ती. मी वकिलांना म्हटलं तसं. ते बोलले, भाईसाहब, आपके फेवर में है, चुप रहिए. राहिलो चूप. इशू रात्री दिवा बंद करू देत नाही. आईचा फोटो उशाशी घेते. मला वाटलं होतं, ती घरी आली की घर भरेल.”

“मग साहेबांना हे सांगितलं कोणी?”

“कोणी नाही! तेच तर. सुनावणीत ते कोणाचं ऐकतच नव्हते. वैदेही पहिल्यांदा आत आली ना, तेव्हापासून तिच्याकडे बघत राहिले. जणू तिला आधी कुठेतरी पाहिलंय.”

“आणि वैदेही?”

“तिने तर त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.”

४

वैदेहीकडे चूल नाही. मग चूल कोणाकडे आहे? हे मला परतीच्या टोटोत सुचलं. शिंदे घाटाच्या वर शिवराम गुरुजींचं घर आहे. देशावरून, महाराष्ट्रातून येणारे यजमान त्यांच्याकडे उतरतात, आणि पितरांचा स्वयंपाक त्यांच्याकडे अजून लाकडावरच होतो. शार्दूलच्या आईवडिलांकडच्या पूजाही तेच सांगतात. म्हणून वैदेहीने जाता जाता संशयाने त्यांचंही नाव घेतलं होतं.

मार्गशीर्षातलं धुकं. खाली गंगा दिसत नव्हती, नुसता नावाड्याचा खोकला ऐकू येत होता. दरवाजा उघडाच होता. चौकात पाऊल टाकलं तर डोक्यावरून काहीतरी तांबडं लोंबत होतं. उंच बांबूवर साडी वाळत घातलेली, पदर खाली घसरलेला. तो बाजूला करायला मी हात वर केला.

“अहो भावजी, शिवू नका!” गुरुजींच्या पत्नी अन्नपूर्णाकाकू आतून ओरडल्या. “सोवळ्यातली आहे. नाही तर मला काठीने काढून पुन्हा भिजवावी लागेल.”

माझा हात तसाच हवेत राहिला. साडी जुनी, मऊ पडलेली, रेशमी होती.

“तुमची आहे?”

“माझीच. पण गुडघे धरल्यापासून चुलीपुढे बसवत नाही हो. आता श्राद्धाचा स्वयंपाक वैदेही करते, तीच नेसते. शाळेला सुट्टी असली की येते बिचारी. आली की डोक्यावरून न्हायचं, ओल्या केसांनी ही नेसायची, आणि पानं उठेपर्यंत कोणाला शिवायचं नाही. आजकालच्या मुलींत कोण करतं? इशूलाही घेऊन यायची. घरी कोणापाशी ठेवणार?”

रेशमी साडी, मोकळे केस, चूल, ‘हात लावू नकोस’. सगळं खरं होतं. वैदेहीला आठवलं नाही, कारण तिच्या लेखी तिने मुलीला दूर लोटलंच नव्हतं. ती फक्त सोवळ्यात होती.

गुरुजी पाटावर दर्भ निवडत बसले होते. मी विचारलं, “पितृपक्षात इशानी इथे पडली होती?”

“पडली असेल. रडणं ऐकलं मी. पाहिलं नाही, मी पिंडांत होतो.”

“यजमान कोण होते त्या दिवशी?”

गुरुजींचे हात थांबले. “तो लक्षात आहे. माझ्या घरातून श्राद्धाच्या पानावरून न जेवता उठलेला माणूस एकच.”

“का उठला?”

“ते त्याला ठाऊक. हिंदी बोलणारा, पन्नाशीचा, एकटा आला होता. आई मराठी, आपल्या दूधविनायकाचीच. नवऱ्याशी पटलं नाही, मुलगा लहान असताना त्याला बापाकडे ठेवून माहेरी निघून आली. इथेच एकटी राहिली, इथेच गेली. म्हणाला, पंडितजी, आईने मला जवळ घेतल्याचं आठवत नाही. तिच्या माहेरी करतात तसं करायचंय, तेच जेवण. मी मुंडन करायला लावलं, धोतर नेसवलं. गंगा चढलेली, घाट पाण्याखाली, म्हणून विधी इथे चौकात केला. पिंड छान केले त्याने. जेवायला बसला, खिरीची वाटी पुढे आली, आणि डोळे भरले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, यह मुझसे नहीं खाया जाएगा. उठून गेला.”

“नाव काय त्याचं?”

“यज्ञेश्वरराव, यजमानाचं रडणं चव्हाट्यावर मांडत नसतात. नाव मी सांगणार नाही.”

“काम काय करत होता, तेवढं तरी?”

“विचारलं नाही. धोतर नेसवलं की सगळे सारखेच.”

मला सुरुचीचं हसणं आठवलं. दसऱ्यानंतर आलेला, डोक्यावर केस नसलेला, एकटा जेवणारा माणूस.

५

मी इतका भित्रा आहे की मनात आलेलं लगेच खरं मानत नाही. बनारसमध्ये पितृपक्षात मुंडन केलेली माणसं गल्लोगल्ली दिसतात. म्हणून गुरुजींना म्हटलं, “तो बसला होता तिथे मला बसू द्याल?”

त्यांनी पाट मांडला. पितरांचं काम, म्हणून तोंड दक्षिणेला. मी बसलो. समोर धुराने काळी झालेली स्वयंपाकघराची चौकट, तिच्या आत चूल. गुरुजी माझ्या समोर बसले, चौकटीकडे पाठ करून.

“म्हणजे तुम्हाला मुलगी दिसली नाही, त्याला दिसली,” मी म्हणालो. “जिना कुठे आहे?”

“तुमच्या पाठीमागे.”

मी मान वळवली. गुरुजी म्हणाले, “वळलात? तो नाही वळला. दर्भाचं पवित्रक बोटात असेपर्यंत मी कोणाला उठू देत नाही की मागे बघू देत नाही. काही झालं तरी.”

तिथून तडक प्रभावतीबाईंकडे गेलो. ट्रंकेला कुलूप लागलेलं होतं. या वेळी प्रश्न मी नीट विचारला. हळद लावली, ती कोणाच्या घरी?

“गुरुजींच्या. मी माडीवरून पत्रावळी आणायला गेले होते. खाली उतरते तर पोर स्वयंपाकघराच्या दाराशी भोकाड पसरून बसलेली. वैदेही आतून मला डोळ्यांनी विनवत होती. खाली पिंड चाललेले, हाक कशी मारू? जिन्यावर बसले आणि हाताने खूण केली. तशी आली धावत, शिरली कुशीत. तिथेच झोपली.”

वैदेही दारात उभी राहून ऐकत होती. वकीलबाई अंतरा तिच्यासोबत आली होती. मी बोलायला लागलो, आणि नेहमीप्रमाणे पहिलं वाक्य चुकलं, म्हणून पुन्हा सुरुवात केली.

“साहेबांना कोणी काही सांगितलेलं नाही. हुकमात लिहिलंय, मुलगी एकटीच उठून निघून गेली. प्रभावतीबाई असं सांगणार नाहीत, तिला कुशीत त्यांनीच घेतलं. वाईटच सांगायचं असतं तरी त्या सोवळ्याच्या साडीला सजणं म्हणाल्या नसत्या. गुरुजींची पाठ होती. सुरुची तिथे नव्हती. शार्दूलला हे हुकमातच पहिल्यांदा कळलं. चुलीचं दार दिसतं आणि जिना दिसत नाही, अशी त्या चौकात एकच जागा आहे. यजमानाची. आणि सोवळं म्हणजे काय हे माहीत नसलेला तिथे एकच माणूस होता. ज्याने पाहिलं, त्यानेच लिहिलं.”

वैदेही भिंतीला टेकली.

“काका, पण मी तर… तो स्वयंपाक त्यांच्याच आईसाठी होता.”

अंतरा म्हणाली, “स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं जजला निकालात घालता येत नाही. पाहिलं असेल तर तसं सांगायचं आणि केस दुसऱ्याकडे द्यायची. नाहीतर उलटतपासणी घ्यायची कोणाची?” मग तिचा चेहरा पडला. “पण काका, साबित कसं करायचं? गुरुजी शपथेवर हलफनामा लिहून देतील?”

“नाही देणार.”

“आणि तुमची चूक असेल तर सीधा कोर्टाचा अवमान आहे. सोमवारी इशू कायमची जाईल.”

माझी चूक असणं मला नेहमीच अधिक शक्य वाटतं.

संध्याकाळी पुन्हा गुरुजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ दर्भाच्या काड्या मोडत राहिले.

“येईन,” शेवटी म्हणाले. “उभा राहीन. बोलणार नाही.”

६

अशी प्रकरणं बंद दाराआड चालतात. अंतराने “घर के बड़े हैं” म्हणून परवानगी मागितली, तेव्हा गुरुजी आणि मी दाराजवळ भिंतीला चिकटून उभे राहिलो. वैदेही पुढे. पलीकडे शार्दूल आणि त्याचे वकील.

साहेब आले. सगळे उठले. उंच, वाकलेला माणूस, डोक्यावर बोटभर वाढलेले करडे केस. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मी गुरुजींच्या उजव्या हाताकडे पाहत होतो. तो हात आपोआप छातीपर्यंत उचलला गेला, यजमान वाकला की आशीर्वादाला उचलतात तसा, आणि मग भानावर येऊन खाली आला.

मी अंतराकडे बघून मान हलवली.

अंतरा हिंदीत म्हणाली, “हुजूर, एकच विनंती. हुकमातला हा परिच्छेद कोणत्या साक्षीवरून घेतला, एवढं समजावं.” तिने तो वाचला. रेशमी साडी. मोकळे केस. चूल.

शार्दूलचे वकील उसळून उठले. “हे न्यायालयावर आरोप करतायत!”

“आरोप नाही. प्रश्न आहे.”

साहेबांनी कागद चाळले. सावकाश, एकेक. ते काय शोधत होते ते मला माहीत होतं, मीही तेच शोधलं होतं. मग ते कागदांवरून नजर न काढता वैदेहीला म्हणाले, “हे घडलं नाही असं तुम्ही म्हणू शकता?”

“घडलं, साहेब,” वैदेही म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ होता. “मी विसरले होते. त्या दिवशी मी एका परक्या माणसाच्या आईसाठी श्राद्धाचा स्वयंपाक करत होते. आमच्यात तेव्हा कोणाला शिवत नाहीत, पोटच्या पोरालाही नाही. माझी मुलगी रडत आली. मी तिला घेतलं असतं तर ते अन्न त्या माऊलीला चाललं नसतं, सगळं टाकून पुन्हा रांधावं लागलं असतं. तो माणूस पहिल्यांदाच आईचं करायला बसला होता. मला वाटलं, त्याचं होऊ दे. माझ्या मुलीला मी नंतर घेईन. आणि घेतलं, साहेब. पानं उठल्यावर तासभर मांडीवरून खाली ठेवलं नाही.”

वर पंखा फिरत होता. थंडीतही कोणीतरी तो चालू ठेवला होता.

साहेबांनी मान वर केली. वैदेहीच्या पलीकडे, दाराजवळ, त्यांना गुरुजी दिसले. गुरुजींनी नजर खाली घातली. दिलेला शब्द त्यांनी पाळला. ते बोलले नाहीत.

शार्दूल उठला. वकिलांनी त्याची बाही ओढली, ती त्याने सोडवली. “सर, मुझे पहले बोलना चाहिए था. वो ऐसी माँ नहीं है.”

साहेबांनी पेन उघडलं. लिहिणाऱ्या बाबूला न सांगता स्वतःच लिहिलं, आणि मग वाचून दाखवलं. आवाज कोरडा होता. तो परिच्छेद नोंदवलेल्या पुराव्यावर आधारलेला नाही. त्यातली घटना पीठासीन अधिकाऱ्याने, म्हणजे त्यांनी स्वतःच, खाजगीत पाहिलेली होती आणि त्याने ती अर्धीच पाहिली होती. म्हणून तात्पुरता हुकूम मागे. मूल पूर्वीप्रमाणे आईपाशी. प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांपुढे जावं.

‘अर्धीच’ हा शब्द त्यांनी वाचताना मध्येच वाढवला की आधीच लिहिला होता, हे मला भिंतीपासून दिसलं नाही.

“इशू खाली गाडीत आहे, माझ्या आईबरोबर,” शार्दूल वैदेहीला म्हणाला. “आणतो.” आणि तो घाईघाईने जिना उतरला.

आम्ही व्हरांड्यात आलो. बाकावर प्रभावतीबाई बसल्या होत्या. ट्रंक आणली नव्हती. वैदेही त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बाईंची शाल खांद्यावरून घसरली होती ती तिने नीट केली.

मागचं दार उघडून साहेब बाहेर आले. चपराशी पुढे धावला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. ते सरळ गुरुजींसमोर येऊन उभे राहिले. जिना त्यांच्या पाठीमागे होता.

“पंडितजी, वह बच्ची… फिर कहाँ गई थी?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बोलायचं नाही हे कचहरीतलं होतं. हे यजमानाने विचारलं होतं.

“आपके पीछे, साहब. जीने पर इनकी मौसी बैठी थीं. गोद में ले लिया था.”

साहेबांनी बाकावरच्या प्रभावतीबाईंकडे पाहिलं.

“मैंने नहीं देखा.”

“आपको मुड़ना मना था. मना मैंने ही किया था.”

साहेबांच्या आईने त्यांना सोडलं तेव्हा तिला काय काय मना होतं, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. मग गुरुजी, नेहमी घरातल्या माणसांशी बोलतात तसे, मराठीतच म्हणाले, “आईचं पान राहिलंय. पुढच्या तिथीला या.”

त्यांना किती कळलं कोण जाणे.

तेवढ्यात खालून पावलं वाजली. लहान, धावती, एक पायरी गाळून दुसरी चढणारी. इशानीचीच.

या वेळी साहेब वळले.

मुलगी त्यांच्या कोटाला घासून पुढे गेली आणि वैदेहीच्या अंगावर पडली. वैदेही बाकावरून फरशीवर आली, तरी दोघींची मिठी सुटली नाही. शार्दूल जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला होता. साहेब पाहत राहिले. सगळं, शेवटपर्यंत. मग आत गेले आणि दार त्यांनी आपल्या हाताने लोटून घेतलं.